फितूर साक्षीदार

आमचे मामा चौतीस वर्षं कोर्टात होते. न्यायाधीश म्हणून नव्हे, वकील म्हणूनही नव्हे. कारकून म्हणून चिकटले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. सांगलीत मात्र जुनी माणसं त्यांना अजून शिरस्तेदारच म्हणतात, आणि मामाही ती चूक दुरुस्त करत नाहीत. इतकी वर्षं त्या वातावरणात काढल्यामुळे त्यांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात: पक्षकार आणि साक्षीदार. भाजीवाला पक्षकार, वरच्या मजल्यावरून कुंड्यांचं पाणी सांडणारा शेजारी पक्षकार, आणि मामी तर पंचेचाळीस वर्षांची कायम पक्षकार. साक्षीदार मात्र दुर्मिळ. ज्याचं दोन्ही बाजूंशी देणंघेणं नाही असा एक जरी तटस्थ साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला, की निम्मा खटला जिंकला, असं ते म्हणतात.

मे २०२४मध्ये मामा युरोपला गेले ते आयफेल टॉवर बघायला नव्हे. साक्षीदार गोळा करायला.

खटला जुना आहे. सांगलीच्या आमराई बागेत रोज सकाळी साडेसहा ते पावणेआठ चालतो. मामा विरुद्ध बँकवाले. बँकवाले हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ; त्यांना त्यांच्या नावानं हाक मारलेली मी तरी ऐकलेली नाही. मामा सरकारच्या विरोधात. कुठल्या सरकारच्या? जे असेल त्या. १९७७ साली मामांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं, तो पक्ष दिल्लीत सत्तेवर आला, मामांनी पेढे वाटले, आणि पेढे संपायच्या आत ते त्या सरकारच्याही विरोधात गेले. बँकवाल्यांचं नेमकं उलट. त्यांना कुठलंही सरकार मुदत ठेवीसारखं वाटतं: एकदा ठेवली की मुदतीआधी मोडू नये, आणि व्याजाबद्दल फार प्रश्न विचारू नयेत.

या खटल्यात दोन्ही बाजू एकाच साक्षीदाराचं नाव घेतात. ‘जग.’ मामा म्हणणार, “जगात आपली छी-थू चाललीय.” बँकवाले म्हणणार, “जगात आपला डंका वाजतोय.” हे जग दोघांपैकी एकालाही कधी भेटलेलं नव्हतं. बँकवाले एकदा काठमांडूला जाऊन आले होते, पण तिथून ते रुद्राक्ष आणि सर्दी एवढंच घेऊन आले. त्यामुळे माझ्या मामेबहिणीनं मामांच्या सत्तरीनिमित्त त्यांची आणि मामींची अकरा दिवसांची सहल ठरवली, तेव्हा मामांनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा नव्हता. “तिथले लोक बोलतात का गं?” असं त्यांनी विचारलं. मामींचे गुडघे आणि मामांचं इंग्रजी या दोन्हींना आधार लागतो, म्हणून मला सोबत धाडण्यात आलं.

मामांच्या इंग्रजीबद्दल सांगायला हवं. ते इंग्रजी त्यांनी फिर्याद, कैफियत आणि प्रतिज्ञापत्रांतून उचललेलं आहे. चहात साखर कमी पडली तरी ते “द सेड टी” म्हणतात. विमानात हवाई सुंदरीनं खिडकी हवी की कडेची जागा असं विचारलं, तर म्हणाले, “विदाउट प्रेज्युडिस, विंडो.”

सांगलीचं मतदान ७ मेला झालं. मत दिल्याशिवाय मामा देश सोडणार नव्हते. कुणाला दिलं ते त्यांनी मामींनाही सांगितलेलं नाही. मतदान गुप्त आहे, असं म्हणतात. २० तारखेला आम्ही विमानतळाकडे निघालो तेव्हा मुंबईचं मतदान चाललं होतं. टॅक्सीवाल्याच्या बोटाला ताजी शाई, मामांच्या डाव्या तर्जनीवर तेरा दिवसांची. नखावरची काळी पट्टी जरा वर सरकली होती. दोघांनी स्टिअरिंगवरून आणि मागच्या सीटवरून एकमेकांना बोटं दाखवली आणि मग वरळीपर्यंत सरकारला शिव्या घातल्या. मामांची सहल तिथंच सुरू झाली.

पिशवीत एक जाड डायरी होती. तिच्यात पट्टीनं रकाने आखलेले: अनुक्रम, देश, वय (अंदाजे), जबानी, शेरा.

लंडनमध्ये पहिला साक्षीदार मिळाला. २२ मेची संध्याकाळ, बाहेर पाऊस, हॉटेलच्या दिवाणखान्यात बिअरचा पेला घेऊन बसलेले एक म्हातारे इंग्रज गृहस्थ. त्यांनी आपणहून विचारलं, “इंडिया? मोठी निवडणूक चाललीय ना तुमच्याकडे?” मामांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता हे त्यांना शपथ देणार. खुर्ची पुढे ओढून मामांनी डायरी उघडली. गृहस्थ म्हणाले, त्यांना आमच्या राजकारणाबद्दल फार आदर आहे. महात्मा गांधींनी एवढं करून ठेवलं, आणि आता त्यांचा नातूही लढतोय, हे बघून बरं वाटतं.

“हूज ग्रँडसन?” मामांनी विचारलं.

परदेशी माणसाला आपल्या राजकारणातली तीन नावं ठाऊक असतात: गांधी, मोदी आणि पुन्हा गांधी. पहिल्या आणि तिसऱ्या गांधींच्या मध्ये नेहरू, इंदिराबाई आणि फिरोज गांधी नावाचे एक पारशी गृहस्थ येतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मामांनी पुढची वीस मिनिटं वारसनोंदीचं काम केलं. “द सेड गांधी इज नॉट द लीगल हेअर ऑफ द अफोरसेड गांधी.” डायरीच्या मागच्या पानावर वंशावळ काढली, पारशी बाजूला बाण दाखवला. गृहस्थ नम्रपणे माना डोलवत होते. चेहऱ्यावरून स्पष्ट होतं की त्यांना जुनीच गोष्ट जास्त आवडली होती.

तेवढ्यात टीव्हीवर त्यांचे पंतप्रधान दिसले. ऋषी सुनक डाउनिंग स्ट्रीटवरच्या दहा नंबरच्या दारासमोर उभे राहून ४ जुलैला निवडणूक जाहीर करत होते. पाऊस धो धो. छत्री नाही. कोटाचे खांदे काळे पडत चाललेले, आणि रस्त्यावरून कुणीतरी विरोधी पक्षाचं जुनं प्रचारगीत ठणाणा लावलेलं. आसपासचे इंग्रज हसत होते. मामा मात्र उठून उभे राहिले.

“अरे, हे साताऱ्याचं झालं!”

ऑक्टोबर २०१९. साताऱ्याची सभा, शरद पवार पावसात भिजत उभे, आणि तीन दिवसांनी झालेल्या मतदानात उदयनराजे पडलेले. ती सभा मामांनी टीव्हीवर बघितली होती, आणि त्या रात्री ते चार तासांपुरते पवारांच्या बाजूचे झाले होते. मामांनी इंग्रज गृहस्थांच्या दंडावर हात ठेवला. “सर, युवर प्राइम मिनिस्टर विल विन. ही इज वेट.”

गृहस्थ म्हणाले, “हो, वेट तर तो आहेच.” थॅचरबाईंच्या काळापासून तिकडे त्या शब्दाचा अर्थ मुळमुळीत असाही होतो, हे मला पुढे कळलं. मामांना तो दुजोरा वाटला. मग त्यांनी ब्रिटिश राजकारणाचं विश्लेषण केलं: लोक भिजलेल्या माणसाला मत देतात, कोरड्याला देत नाहीत, सुनक आमचे जावई, नारायण मूर्तींचे, तेव्हा सासुरवाडीचं पुण्य आहेच. गृहस्थ ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आता तोच भाव आला होता जो गांधींचा नातू ऐकताना मामांच्या चेहऱ्यावर आला होता. बिअर अर्धी ठेवून ते झोपायला गेले.

पॅरिसमध्ये काही मिळालं नाही. तिथं लोक उत्तरं फ्रेंचमध्ये देतात आणि ती जबानी ग्राह्य नाही.

ब्रसेल्सच्या हॉटेलात नाश्ता वाढणाऱ्या बाईंनी मामांचं नख बघितलं आणि कळवळून विचारलं, दारात चेमटलं का? मामा म्हणाले, “नो, नो. इलेक्शन.” बाईंनी तोंडावर हात घेतला. भारतात निवडणुकीत हिंसा होते हे त्यांनी ऐकलं होतं, पण इतक्या वयस्कर माणसालाही सोडत नाहीत हे माहीत नव्हतं. मग मामांनी ती म्हैसूरची शाई, १९६२पासून वापरतात, साबणानं जात नाही, नख वाढेल तशीच जाते, हे सगळं सांगितलं. बाईंना ते फार आवडलं. त्यांच्याकडेही ९ जूनला मतदान होतं आणि मत देणं कायद्यानं सक्तीचं. पण मत दिल्याचं बोटावर काहीच उरत नाही. मग त्यांनी विचारलं, तुमचं मतदान चव्वेचाळीस दिवस का चालतं? इथं एका दिवसात उरकतं.

“आणि सरकार?”

बाई हसल्या. २०१०मध्ये मतदान झालं, ते एका दिवसात उरकलं. सरकार बनायला ५४१ दिवस लागले.

मामांच्या हातातला क्रोसाँ तसाच राहिला. दीड वर्ष! आपल्याकडे २०१९च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती राजवट रात्री उठते काय, सकाळी आठला शपथविधी होतो काय आणि ऐंशी तासांत राजीनामा येतो काय. “मग दीड वर्ष तुम्ही काय केलं?” मामांनी विचारलं. बाई म्हणाल्या, काही नाही. गाड्या धावत होत्या, शाळा भरत होत्या. हे उत्तर मामांना फार लागलं. बसमध्ये बसल्यावर ते मला म्हणाले, “सरकार नाही आणि काही झालं नाही? मग आमराईत हे लोक काय बोलत असतील रे?”

आता मी जर्मनीकडे येतो, कारण सहलीचं जे काय झालं ते ऱ्हाईन नदीवर झालं.

दुपारची बोट. दोन्ही काठांवर द्राक्षांचे मळे आणि जुने किल्ले. आमच्या गटातली मंडळी किल्ले बघून “आपला पन्हाळा काय वाईट आहे” असं म्हणत खाकरे खात होती. मामांच्या बाकावर एक निवृत्त शिक्षिका येऊन बसल्या. इंग्रजी स्वच्छ, वाचन दांडगं. दोन वेळा भारतात येऊन गेलेल्या. मामांनी मला कोपरानं ढोसलं: हा आपला खरा साक्षीदार. अभ्यासू आणि तटस्थ. मामांनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “मॅडम, युवर ओपिनियन ऑन अवर इलेक्शन. फियरलेस.”

बाई निर्भयपणे बोलल्या. त्या म्हणाल्या, खरं सांगू? ती निवडणूक नसून बाजार आहे. पैसा, जात आणि फुकटचं वाटप. बाकी सगळा देखावा.

मी मामांकडे बघितलं. हे वाक्य मामांचं होतं. आमराईत, लग्नांत, तेराव्याच्या जेवणात, डॉक्टर रक्तदाब मोजत असताना, मामांनी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलंय की आमच्या घरातली पोरं त्याची नक्कल करतात. तीन मुद्दे, आणि क्रमही तोच: पैसा, जात, फुकट. आता फक्त ते टिपून घ्यायचं, खाली सही घ्यायची आणि सांगलीला जाऊन बँकवाल्यांच्या तोंडावर फेकायचं. पावणेतीन लाखांचं माणशी भाडं त्या एका वाक्यात वसूल होत होतं.

मामांनी पेनाला टोपण लावलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “ऑब्जेक्शन.”

आणि मग ते जे सुटले! ९७ कोटी मतदार. दहा लाखांहून जास्त मतदान केंद्रं. गीरच्या जंगलात एका महंतासाठी आख्खं केंद्र उभारतात, मॅडम, एका माणसासाठी! पहिली निवडणूक १९५१-५२ला. सतरा कोटी मतदार, बहुतेकांना अक्षरओळख नाही, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चित्र. त्या वेळी टीकाकार म्हणाले होते हा जुगार आहे. द सेड जुगार इज स्टिल रनिंग, मॅडम. आवाज इतका चढला की टूर मॅनेजर खाकरा तोंडात धरून धावत आला.

यातला आकडा न् आकडा बँकवाल्यांचा होता. गीरचा महंत तर बँकवाल्यांचा लाडका, दर निवडणुकीला ते त्याला बाहेर काढतात आणि दर निवडणुकीला मामा म्हणतात, “तुमचा तो महंत व्हॉट्सअ‍ॅपवरच राहतो.”

बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “म्हणजे तुम्ही तुमच्या सरकारवर खूश आहात तर?”

“नॉट अ‍ॅट ऑल!” मामा ओरडले.

“मग मी म्हटलं ते चूक आहे?”

मामांनी तोंड उघडलं, मिटलं. काठावर एक किल्ला येऊन गेला. उलटतपासणीत साक्षीदार असा अडकला की वकील पाणी मागतात. मामांनी मामींकडे पाणी मागितलं. मामींनी बाटली दिली आणि म्हणाल्या, “अहो, आज तुम्ही अगदी बँकवाल्यांसारखं बोललात हं.” स्विस सरहद्द येईपर्यंत मामा एक शब्द बोलले नाहीत. रात्री मी डायरी हळूच उघडली. जर्मनीच्या पानावर जबानीचा रकाना कोरा होता. शेऱ्यात एकच शब्द: ‘फितूर’. कोण, ते लिहिलेलं नव्हतं.

एंगेलबर्गच्या हॉटेलाचे मालक सत्तरीचे, लाल गालांचे. संध्याकाळी खिडकीखालून घंटा वाजवत गाई चालल्या होत्या. मालकांनी मिश्किलपणे विचारलं, “तुमच्याकडे गाईवरून राजकारण होतं म्हणे?” जर्मनीनंतर मामा सावध झाले होते. ते म्हणाले, “अँड हिअर?”

मालक एकदम गंभीर झाले. हो, इथंही. २०१८च्या नोव्हेंबरात सगळ्या स्वित्झर्लंडनं गाईच्या शिंगांवर मतदान केलं. गोठ्यात एकमेकींना लागू नयेत म्हणून वासरांची शिंगं लहानपणीच डागून टाकतात. एका शेतकऱ्याला ते बघवेना. त्यानं लाखाहून जास्त सह्या जमवल्या: जो शिंगं ठेवील त्याला सरकारनं अनुदान द्यावं. देशभर मतदान झालं. पंचावन्न टक्के लोक नाही म्हणाले. “मी शिंगांच्या बाजूनं होतो,” मालक म्हणाले, आणि सहा वर्षांनीही त्यांच्या आवाजात पराभव होता.

मामांना काय बोलावं सुचेना. बायकांना देशपातळीवर मताचा हक्क १९७१ साली देणारा देश शिंगांवर इतक्या आस्थेनं मत देतो, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मग त्यांनी सवयीनं विचारलं, “आणि तुमचे राष्ट्राध्यक्ष कसे आहेत?” मालक थांबले. आचाऱ्याला हाक मारून जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. आचाऱ्यानं खांदे उडवले. सात मंत्र्यांचं मंडळ असतं, अध्यक्षपद पाळीपाळीनं एकेक वर्ष फिरतं. यंदा एक बाई आहेत, नाव आता आठवेल म्हणाले.

“नाव आठवत नाही?” मामा मला मराठीत म्हणाले. आवाज कापत होता. “अरे, नावच ठाऊक नसेल तर माणसानं सकाळी उठून शिव्या कुणाला घालायच्या?”

मालकांनी आता आमच्या गावच्या निवडणुकीची चौकशी केली. मामांनी सांगायला घेतलं. भाजपचे संजयकाका पाटील, तेव्हाचे खासदार. शिवसेनेचे चंद्रहार पाटील, कुस्तीगीर, पण ही शिवसेना म्हणजे दोनांपैकी एक, मशालवाली. काँग्रेसची जागा शिवसेनेला गेली, म्हणून काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष, चिन्ह लिफाफा. दोन राष्ट्रवादींपैकी इथं कुणी नाही.

मालकांनी शांतपणे विचारलं, “हे तिघे भाऊ आहेत का?”

मामांनी त्यांच्याकडे बघितलं, मग डायरी मिटली आणि पिशवीत, बेसनाच्या लाडवांच्या डब्याखाली घातली. नंतर ती बाहेर आली नाही.

४ जूनला निकाल लागला. दिल्लीचा निकाल असा होता की आमराईत दोन्ही बाजूंनी पेढे वाटले. सांगलीत लिफाफा लाखभर मतांनी आला. बँकवाल्यांनी मामांना गाठलं. बारा दिवस त्यांना भांडायला कुणी नव्हतं. चेहरा उतरला होता. “काय म्हणतंय जग?” त्यांनी विचारलं. “आपल्याबद्दल काय मत आहे तिकडे? डंका की छी-थू?”

मी श्वास रोखला. मामांनी तर्जनीचं नख बघितलं. पट्टी आता अर्ध्यावर आली होती.

“ते राहू द्या,” मामा म्हणाले. “विलायतेची निवडणूक आहे ४ जुलैला. सुनक येतोय. अर्धा किलो भडंग लावता?”

“कशावरून येतोय?”

“पावसात भिजलाय. मी डोळ्यांनी बघितलंय.”

५ जुलैला सकाळी मामा भडंगाची पुडी घेऊन आमराईत आले. सुनक पडले होते, आणि दणकून पडले होते. बँकवाल्यांनी पुडी सोडली, दोघांच्या मध्ये बाकावर ठेवली. दोघं बराच वेळ शेंगदाणे वेचत बसले.

“तिथल्या पावसाला काय किंमत,” मामा म्हणाले. “रोजच पडतो तो.”